गोळी कोणाला मानवते

डिप्रेशनची पहिली चिठ्ठी लिहिण्याआधी मी समोरच्या माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारते. पाळी दिवसाची की रात्रीची? मागावर उभं राहावं लागतं की बैठं काम आहे? गाडी चालवता का? भर दुपारी उन्हात असता का? कामाच्या जागी संडासाची सोय आहे का? सोबत आलेल्या नातेवाइकांना हे अवांतर वाटतं. माणूस जेवत नाही, रात्र रात्र आढ्याकडे बघत पडून राहतो, आणि मॅडम कारखान्यातल्या पाळ्यांची चौकशी करतात. पण सोलापुरात इतकी वर्षं मानसोपचाराचं काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. कुठली गोळी कोणाला द्यायची, हे ठरवताना पुस्तकातल्या तक्त्याइतकीच या उत्तरांची गरज पडते.

तक्ता आम्हा सगळ्यांना पाठ असतो. एका बाजूला औषधांची नावं, वर झोप, वजन, मळमळ, तोंडाला कोरड, लैंगिक अडचण, आणि चौकोनांत अधिकची चिन्हं, कुठे एक, कुठे तीन. 2018 साली ‘द लॅन्सेट’मध्ये आंद्रेया चिप्रियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 21 औषधांची एकमेकांशी तुलना प्रसिद्ध केली. 522 चाचण्या, 1,16,477 रुग्ण. सगळी औषधं बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली. जुनं अमिट्रिप्टिलिन गुण येण्यात वरच्या रांगेत होतं, पण त्रासाला कंटाळून ते मध्येच सोडणारेही पुष्कळ होते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही सहन होण्यात बरी निघाली. हे काम मोलाचं आहे आणि मी त्याचा आधार घेते. मात्र अशा चाचण्या बहुतेक आठ आठवड्यांच्या आसपास संपतात. वाढलेलं वजन आणि बिघडलेलं वैवाहिक आयुष्य हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. शिवाय सरासरी कोणाच्या घरी राहायला जात नाही. माझ्यासमोर एक माणूस असतो, त्याचं एक काम असतं आणि पोटाला लागणारी एक मजुरी असते.

मी शिकत होते तेव्हा, 1990च्या दशकात, इमिप्रामिन आणि अमिट्रिप्टिलिनच सर्रास लिहिली जात. इमिप्रामिनचा नैराश्यावरचा गुण रोलंड कून या स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी 1950च्या दशकात हेरला. औषध तपासलं जात होतं स्किझोफ्रेनियासाठी, त्याला त्याचा उपयोग झाला नाही, पण उदास रुग्ण सुधारू लागले. या जुन्या गोळ्या मेंदूत जिथे हव्यात तिथे पोचतातच, शिवाय लाळेच्या ग्रंथी, आतडी, मूत्राशय, डोळे, हृदय सगळीकडे हात घालतात. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, जवळचं नीट दिसत नाही, उठताना अंधारी येते. प्रोस्टेटच्या म्हाताऱ्याची लघवी तुंबते. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्याचा डोळा धोक्यात येतो. आणि घाम कमी होतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 42-43च्या पुढे जातो. रस्त्याच्या कामावर खडी टाकणाऱ्या माणसाला घाम न येणं ही साधी गोष्ट नव्हे. उन्हाळ्यात अशा मजुराला मी अमिट्रिप्टिलिन सहसा देत नाही.

तरी या गोळीला मी वाईट म्हणणार नाही. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका माझ्याकडे येतात त्या मान, पाठ आणि डोकं धरून. मन उदास आहे हे त्या तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगतात, आधी अंगदुखी सांगतात आणि झोप नाही म्हणतात. त्यांतल्या कितीतरींना रात्री अमिट्रिप्टिलिनची लहानशी मात्रा दिली की दुखणं उतरतं, झोप लागते, आणि मग बोलायला बळ येतं. ती स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते. तिची खरी भीती दुसरीच. जास्त प्रमाणात पोटात गेली तर ती हृदयाचा ताल बिघडवते. ज्याच्या मनात मरणाचे विचार घोळतात त्याच्या घरात ती महिन्याभराची ठेवू नये. अशा वेळी मी दुसरी गोळी निवडते, आणि दुसरी चालणारच नसेल तर आठवड्यापुरतीच लिहून ती घरातल्या जबाबदार माणसाच्या हाती देते. हा मरणाचा विचार येतो का, हे मी प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं.

नव्या पिढीच्या गोळ्या म्हणजे फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन. त्या सेरोटोनिनवर काम करतात, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात मळमळतं, पोटात ढवळतं. सर्ट्रालिनने जुलाब व्हायची शक्यता इतरांपेक्षा अधिक. इथे संडासाचा प्रश्न कामाला येतो. वस्तीवरच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंना मी सर्ट्रालिन देणार होते. त्यांच्या उत्तरावरून कळलं की दिवसभर तशी सोयच नाही, त्या सकाळपासून पाणीही पीत नाहीत. मग एस्सिटालोप्राम दिली, तीही निम्म्या गोळीपासून, जेवणानंतर.

या सगळ्या औषधांची एक अडचण तक्त्यात कुठल्याच चौकोनात बसत नाही. त्रास पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पहिला पंधरवडा हा निव्वळ तोट्याचा असतो. आधीच खचलेल्या, कशातच अर्थ न वाटणाऱ्या माणसाकडून आपण अशी अपेक्षा करतो, की त्याने मळमळ सोसावी आणि न दिसणाऱ्या गुणाची वाट पाहावी. हे मोठं मागणं आहे. ते मागताना डॉक्टरने निदान पाच मिनिटं खर्चून सांगायला हवं की काय होईल, साधारण कधी थांबेल, आणि काय झालं तर लगेच फोन करायचा. ‘काही साइड इफेक्ट नाही, बिनधास्त घ्या’ असं ऐकून गेलेला रुग्ण चौथ्या दिवशी गोळ्या फेकून देतो. त्याने फसवणूक झाली असं मानलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

काही सहकारी म्हणतात, आधी सांगितलं की रुग्णाला तोच त्रास व्हायला लागतो. थोडं तथ्य आहे त्यात, अपेक्षेनेही मळमळ होते. पण न सांगता त्रास झाला तर माणूस गोळी सोडतो, डॉक्टर सोडतो, आणि पुढची काही वर्षं कुठेच जात नाही. मला पहिला धोका पत्करणं बरं वाटतं.

मिर्टाझापिनची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. ही गोळी झोप आणते, भूक वाढवते, वजन वाढवते. तक्त्यात या तिन्हींसमोर ठळक चिन्हं. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एका तेलुगूभाषक कामगाराला ती दुसरीकडून सुरू झाली होती. ‘रात्री एक’ असं लिहिलेलं. तो बिचारा रात्री एक घ्यायचा आणि कामाला जायचा. चार माग एकट्याने सांभाळायचे, धागा तुटला की हात आत घालायचा. त्याला डुलक्या यायला लागल्या. दैव चांगलं, बोटं वाचली. गोळीची वेळ सकाळी पाळी संपल्यानंतरची करून पाहिली, तरी संध्याकाळी डोकं जड राहायचं, म्हणून शेवटी सकाळची फ्लुऑक्सेटिन दिली. तीच मिर्टाझापिन दुसऱ्या एका आजींना जणू संजीवनी ठरली. नवरा गेल्यापासून त्यांचं जेवण सुटलं होतं, अंगावर हाडं तेवढी उरली होती. महिन्याभरात त्या भाकरी मागून घ्यायला लागल्या, रात्री शांत झोपल्या, सून म्हणाली, “आत्याबाई पयल्यासारख्या बोलायला लागल्यात.” त्यांच्यासाठी वजन वाढणं हाच गुण होता. आणि मधुमेह असलेल्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या पन्नाशीच्या बाईला ही गोळी देताना माझा हात थांबतो. एकच परिणाम एकीला हवा, एकीला घातक, तर तक्त्यातल्या चिन्हांचा अर्थ माणसागणिक बदलतो.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही त्याबद्दल. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होणं, पुरुषांमध्ये वीर्यपतनाला फार उशीर लागणं, स्त्रियांमध्ये सुखाची परमावस्थाच न येणं हे पुष्कळांना होतं. पॅरॉक्सेटिनने जास्त, मिर्टाझापिन आणि ब्युप्रोपिऑनने बरंच कमी. मळमळ जाते तसं हे बहुधा आपोआप जात नाही. पुरुष हे सरळ सांगत नाहीत. “अशक्तपणा वाटतोय, ताकदीचं काहीतरी द्या,” असं सुरू होतं. नुकतं लग्न झालेला मुलगा एकाएकी यायचा बंद होतो आणि चार महिन्यांनी पहिल्याहून वाईट अवस्थेत येतो, तेव्हा कारण हेच निघतं. बायकांना तर कोणी विचारतच नाही. आम्ही डॉक्टर विचारत नाही, कारण बाईला या विषयात तक्रार असेल असं आमच्या मनातच येत नाही, आणि हे मला लाजिरवाणं वाटतं. माझ्याकडे आता हा प्रश्न दुसऱ्या भेटीत ठरलेला असतो. नवऱ्याला, सासूला बाहेर बसवते आणि भूक, झोप, पाळी विचारते त्याच स्वरात हेही विचारते. पहिल्यांदा बाई खाली बघते. पुढच्या भेटीत स्वतःहून सांगते. उपाय असतात. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. ब्युप्रोपिऑनने वजनही सहसा वाढत नाही, पण फिट येणाऱ्याला ती देता येत नाही, तेवढं जपावं लागतं.

म्हाताऱ्या माणसांत सगळ्यात फसवा परिणाम म्हणजे रक्तातलं सोडियम उतरणं. दर आषाढीला आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारे एक काका माझ्याकडे होते. एस्सिटालोप्रामवर त्यांचं छान चाललं होतं. मध्ये कोणीतरी त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू केली. काही आठवड्यांत ते अडखळू लागले, नातवंडांची नावं चुकवू लागले, रात्री उठून ‘दिंडी निघाली’ म्हणून पिशवी शोधायला लागले. घरच्यांनी वयाचा भाग म्हणून सोडून दिलं होतं. लेक माहेरी आली आणि तिने घरातल्या सगळ्या गोळ्या एका कॅरीबॅगेत भरून त्यांना माझ्याकडे आणलं. ती कॅरीबॅग टेबलावर ओतली आणि उलगडा झाला. सोडियम 118 आलं, जे 135च्या वर असायला हवं. दवाखान्यात ठेवून ते हळूहळू वर आणावं लागलं, दोन्ही गोळ्या बदलल्या. साठीच्या पुढच्या माणसाला या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात सोडियम तपासणं ही साधी, स्वस्त गोष्ट आहे. तशीच दुसरी गोष्ट म्हणजे सांधेदुखीच्या गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन. यांच्यासोबत सेरोटोनिनच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणाऱ्या आजीला हे कोण सांगतं?

बार्शीला कॅन्सरचं जुनं, मोठं हॉस्पिटल आहे. तिथे स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या काही जणी पुढे उदासीसाठी माझ्याकडे येतात. त्यांतल्या अनेकींना कित्येक वर्षं टॅमॉक्सिफेन घ्यायचं असतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन यकृतातलं एक विकर अडवतात, आणि टॅमॉक्सिफेनला शरीरात परिणामकारक होण्यासाठी तेच विकर लागतं. डिप्रेशनची गोळी कर्करोगाच्या गोळीची धार बोथट करते, आणि हा असा परिणाम आहे की रुग्णाला तो जाणवतही नाही. इथे व्हेनलाफॅक्सिन बरी. ती या वाटेत फारशी येत नाही, शिवाय टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून निघणाऱ्या वाफाही कमी करते. तिने रक्तदाब चढू शकतो, तो मोजत राहायचा.

व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन यांचा आणखी एक गुणधर्म म्हणजे त्या शरीरातून लवकर निघून जातात. दिवाळीला माहेरी गेलेली बाई गोळ्या सासरी विसरते. दोन दिवसांत गरगरायला लागतं, रडू येतं, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. आई म्हणते, “बघ, सवय लागली तुला गोळ्यांची.” आणि ती बाई परत कधीच गोळी घेत नाही. हा त्रास खरा असतो, कधी फार तीव्र असतो. पण त्यात गोळीची तल्लफ नसते, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. जिना उतरावा तशी पायरी पायरीने मात्रा कमी केली तर बहुतेकांना ती सोडता येते, वर्षानुवर्षं घेतली असेल तर काही महिने लावून. फ्लुऑक्सेटिन शरीरात आठवडे रेंगाळते, म्हणून एखाद-दुसरी गोळी चुकली तरी तिचा त्रास क्वचित होतो. दूर शेतावर राहणाऱ्या, गोळी आणायला एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाला मी म्हणूनच ती पसंत करते.

खरी सवय लावणारं औषध वेगळंच आहे आणि ते आपल्याकडे याच पाकिटात येतं. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेल्या गोळ्या भारतात फार खपतात. क्लोनाझेपामने पहिल्याच रात्री झोप लागते, म्हणून रुग्ण खूश, लिहिणारा खूश. पुढे दोन वर्षं तीच जोडगोळी चालू राहते. मग ती सुटत नाही, स्मरण मंदावतं, म्हातारी माणसं रात्री पडून खुबा मोडून घेतात, आणि नाव बदनाम होतं डिप्रेशनच्या औषधाचं. काही दिवसांसाठी, वेगळी गोळी म्हणून क्लोनाझेपाम द्यायला माझी हरकत नाही. एकाच गोळीत बांधून देऊ नये, कारण मग एक सोडायची तर दुसरीही सुटते.

कॉलेजातल्या मुलांच्या बाबतीत मी सगळ्यात सावध असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 साली या गोळ्यांच्या वेष्टनावर लहान व किशोरवयीन मुलांसाठी ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, 2007 साली तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला. सुरुवातीच्या आठवड्यांत काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा तो इशारा. म्हणून गोळी देऊच नये असं मात्र नाही, उपचाराविना राहिलेलं डिप्रेशन कमी धोक्याचं नसतं. पण पहिल्या महिन्यात दर आठवड्याला भेट, वसतिगृहात असेल तर कोणीतरी सोबत, आणि आई-वडिलांना दोन खुणा सांगून ठेवायच्या. एक, जीवाची उलघाल इतकी वाढली की पोरगं एका जागी बसू शकत नाही. दोन, ते एकाएकी फार उत्साही, बडबडं झालं, झोपेशिवाय ताजंतवानं राहू लागलं, पैसे उधळू लागलं. पहिली गोळीची अस्वस्थता असू शकते, दुसरी उन्मादाची सुरुवात, आणि तिथे आजाराचं निदानच पुन्हा तपासावं लागतं. दोन्हींत त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं.

सर्वांत कमी त्रासाची गोळी कुठली, असं मला लोक लग्नकार्यात, प्रवासातही विचारतात. असं एक नाव मी सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विसंबू नये. शेजारणीला जी मानवली ती तुम्हाला मानवेल याची खात्री नाही. पहिली गोळी बरेचदा पुरी पडत नाही, दुसरी शोधावी लागते, त्यात तुमचा काही दोष नसतो.

तुमच्या घरात कोणी या गोळ्या घेत असेल तर एवढं करा. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या, बीपीच्या, गुडघ्याच्या, आयुर्वेदिक, सगळ्या. तुमचं काम काय, पाळी कुठली, उपास करता का, मूल हवं आहे का, हे विचारलं नाही तरी सांगा. लाज वाटणारा त्रास आधी सांगा. बरं वाटलं म्हणून किंवा बरं वाटत नाही म्हणून, दोन्ही कारणांनी गोळी मनाने बंद करू नका. आणि डॉक्टर दूर असेल, रात्र असेल, मन फार घाबरलं असेल, तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक लावा. तो सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.